पायथन भाषेच्या प्रमाण संग्रहातील प्रणालीविशिष्ट भाग : त्याच्या देखभालीचा इतिहास

१. विषयप्रवेश

संगणकविद्येच्या इतिहासाचे लेखन बहुतेक वेळा नव्या यंत्रांच्या, नव्या भाषांच्या आणि त्यांच्या कर्त्यांच्या भोवती फिरत आले आहे. निर्मितीचा क्षण ठळक असतो, त्याची तारीख सांगता येते, कर्त्याचे नाव देता येते. निर्माण झालेली वस्तू पुढे वीस-तीस वर्षे कोणी सांभाळली, तिचा कोणता भाग कोणत्या कारणाने टाकून दिला आणि टाकण्यापूर्वी कोणाला विचारले, हा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. वस्तुतः एखाद्या संगणकभाषेचे आयुष्य ठरते ते ह्या दुसऱ्या इतिहासावरूनच. ह्या दृष्टीने पायथन भाषेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. ह्या भाषेबरोबर जो सिद्ध साधनांचा साठा मिळतो आणि ज्यास व्यवहारात स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात, त्या प्रमाण संग्रहात निरनिराळ्या कार्यप्रणालींसाठी स्वतंत्रपणे लिहिलेला पुष्कळ कोड प्रारंभापासून आहे. त्या कोडाची वाढ कशी झाली, त्याचे ओझे केव्हा जाणवू लागले आणि ते वाहण्याचे नियम कसे घडत गेले, ह्याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

प्रारंभी मूळ अडचण काय आहे हे स्पष्ट केले पाहिजे. फाइल उघडणे, घड्याळ पाहणे, दुसरी आज्ञावली सुरू करणे, जाळ्यावरून निरोप पाठविणे ही कामे कोणतीही संगणकभाषा स्वबळावर करू शकत नाही. त्यासाठी तिला कार्यप्रणालीकडे मागणी करावी लागते. मागणी करण्याची रीत युनिक्समध्ये एक, विंडोजमध्ये दुसरी आणि जुन्या मॅकिंटॉशवर तिसरी. आज्ञावली लिहिणाऱ्यास ह्या तिन्ही रीती शिकाव्या लागू नयेत म्हणून प्रमाण संग्रह मध्ये उभा राहतो आणि त्याला एकच रीत देतो. लिहिणाऱ्याचे काम हलके होते. परंतु ते काम नाहीसे होत नाही. ते प्रमाण संग्रह सांभाळणाऱ्याच्या खांद्यावर जाते आणि तेथेच राहते.

२. पूर्वपीठिका : बेल प्रयोगशाळेचा अनुभव

ही अडचण पायथनच्या जन्मापूर्वीच ओळखली गेली होती. १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यानंतर सी भाषेतील आज्ञावल्या हनीवेल व आयबीएम ह्यांच्या यंत्रांवर नेण्याचे प्रयत्न बेल प्रयोगशाळेत झाले. त्यांतून निघालेला निष्कर्ष स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची ह्यांनी १९७८ मध्ये बेल सिस्टीम टेक्निकल जर्नल ह्या नियतकालिकात मांडला. यंत्रायंत्रांतील भेदापेक्षा त्यांवरील कार्यप्रणालींतील भेद अधिक त्रासदायक ठरतो, असे त्यांना आढळले होते. तेव्हा प्रत्येक आज्ञावली परक्या प्रणालीशी जुळवीत बसण्यापेक्षा युनिक्स प्रणालीच नव्या यंत्रावर नेणे सोपे, ह्या विचाराने त्यांनी १९७७ मध्ये इंटरडेटा ८/३२ ह्या यंत्रावर युनिक्स नेण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर ह्यांनी इंटरडेटा ७/३२ वर स्वतंत्रपणे तेच साधले होते.

सर्वत्र एकच कार्यप्रणाली असावी, हा त्या प्रश्नाचा सर्वांत सरळ परिहार होता; परंतु जगाने तो स्वीकारला नाही. १९८० नंतरच्या दशकात युनिक्सच्याच अनेक शाखा झाल्या, घरोघरी व कचेऱ्यांतून डॉस आले, मॅकिंटॉशने आपली निराळी वाट धरली. युनिक्सच्या शाखांत किमान एकवाक्यता राहावी म्हणून १९८८ मध्ये पॉसिक्स हे प्रमाण ठरविण्यात आले. तथापि प्रमाण ठरल्याने भेद मिटत नाहीत. ते मोजता येऊ लागतात, इतकेच. पायथनचा जन्म झाला तो अशा परिस्थितीत.

३. ॲम्स्टरडॅम येथील प्रारंभ

ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकविज्ञान संशोधन केंद्रात खिडो व्हान रॉसम ह्यांनी १९८९ च्या डिसेंबरात पायथनच्या रचनेस आरंभ केला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत तिची ०.९.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. ते त्या वेळी अमीबा ह्या वितरित कार्यप्रणालीच्या कामात होते. अमीबाची मागणी करण्याची रीत युनिक्सहून भिन्न असल्यामुळे नेहमीच्या शेल आज्ञांनी तिचा कारभार चालविणे अवघड जात असे. शेल आणि सी ह्यांच्या मधोमध बसेल अशी भाषा हवी, ही गरज पायथनच्या मुळाशी होती. म्हणजे ही भाषा जन्मली तीच एका विशिष्ट कार्यप्रणालीची नड भागविण्यासाठी, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्हान रॉसम ह्यांनी पूर्वी जिच्यावर काम केले होते ती एबीसी भाषा बाहेरच्या जगाशी, म्हणजे फाइली व कार्यप्रणाली ह्यांच्याशी, फारसा संबंध ठेवू शकत नव्हती. तो दोष नव्या भाषेत कटाक्षाने टाळण्यात आला.

आरंभीच्या काळातच पायथन युनिक्स, मॅकिंटॉश व अमीबा ह्या तिन्हींवर चालत असे. त्यामुळे प्रणालीभेद झाकण्याची व्यवस्था लवकर करावी लागली. ती अशी की, प्रत्येक प्रणालीसाठी तिच्या नावाचे मॉड्यूल असावे आणि त्या सर्वांवर ओएस नावाचे एकच दर्शनी मॉड्यूल असावे. लेखकाने ओएस मागावे. ज्या यंत्रावर आज्ञावली चालत असेल त्याप्रमाणे आतून पॉसिक्स, एनटी, मॅक अथवा ओएस-२ ह्यांपैकी योग्य ते पुढे यावे. मार्गनामांच्या बाबतीतही हेच धोरण होते. युनिक्समध्ये फाइलीच्या मार्गाचे तुकडे तिरप्या रेघेने जोडतात, विंडोजमध्ये उलट्या तिरप्या रेघेने, तर जुन्या मॅकिंटॉशवर ते अपूर्णविरामाने जोडले जात. ह्या तिन्हींसाठी तीन मॉड्यूल लिहिले गेले आणि वर एकच नाव ठेवले गेले.

बाहेरून ही रचना नीटस दिसते. आत पाहिले असता चित्र वेगळे आहे. पॉसिक्स मॉड्यूलचा मूळ कोड सी भाषेतील एका फाइलीत आहे. विंडोजसाठी लागणारे एनटी मॉड्यूलही त्याच फाइलीतून तयार होते. एकाच कार्याच्या व्याख्येत युनिक्ससाठी एक परिच्छेद, विंडोजसाठी दुसरा, अमुक प्रणालीत अमुक सोय नसल्यास तिसरा, अशी सशर्त कोडाची वीण तेथे आहे. ही फाइल वाढत वाढत दहा हजार ओळींच्या पलीकडे गेली. तिच्यातील कोणत्याही एका ओळीस हात लावणाऱ्याने ती ओळ आपल्या यंत्रावर चालते एवढे पाहून भागत नाही. जी यंत्रे त्याने कधी पाहिलीही नाहीत त्यांवरही ती चालावयास हवी असते.

४. संचयाचा काळ

१९९० नंतरच्या दहा वर्षांत पायथनचा प्रसार झाला तो देणगीच्या मार्गाने. ज्याच्याजवळ जे यंत्र होते त्याने त्यावर पायथन चालवून पाहिले आणि त्यासाठी करावे लागलेले फेरफार मूळ संग्रहाकडे पाठविले. ते स्वीकारले गेले. भाषा लहान होती, प्रत्येक नवी प्रणाली म्हणजे नवे वाचक मिळाल्यासारखे होते. त्यामुळे नकार देण्याचे कारण नव्हते. मॅकिंटॉशवरील आवृत्तीची जबाबदारी जॅक यान्सेन ह्यांनी दीर्घकाळ वाहिली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या आयरिक्स प्रणालीसाठी ध्वनी, चित्र व सीडी चालविण्याची मॉड्यूले प्रमाण संग्रहात आली. सन कंपनीच्या यंत्रांवरील ध्वनीसाठी निराळे मॉड्यूल आले. डॉस, ओएस-२, व्हीएमएस, बीओएस, अथेओएस अशी नावे एकेक करून जमत गेली.

ह्याच काळातील एक प्रथा विशेष पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कार्यप्रणालीच्या सी भाषेतील शीर्ष-फाइलींत पुष्कळ स्थिरांक असतात. ते पायथनला उपलब्ध व्हावेत म्हणून एका लहानशा आज्ञावलीने त्या फाइली वाचून स्थिरांकांची पायथन मॉड्यूले आपोआप तयार केली जात आणि प्रणालीच्या नावाने केलेल्या स्वतंत्र निर्देशिकांत ठेवली जात. एकदा तयार केलेली ही मॉड्यूले पुढे कोणी क्वचितच पुन्हा तयार केली. कार्यप्रणाली बदलत राहिली, तिचे स्थिरांक बदलत राहिले. संग्रहात मात्र कोणा एकाच्या यंत्रावर एका दिवशी असलेले आकडे गोठून राहिले. अखेर २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ३.६ आवृत्तीत ह्या निर्देशिका काढून टाकल्या गेल्या. त्यांतील मॉड्यूले कायम शिळी असतात, सर्व प्रणालींवर सारखी मिळत नाहीत आणि त्यांना कोणी वाली नाही, अशी कारणे तेव्हा नमूद झाली. जो कोड चुकीचे उत्तर देतो पण कुरकुर करीत नाही, तो मोडलेल्या कोडापेक्षा अधिक घातक असतो. मोडलेला कोड निदान कोणाला तरी हाक मारतो.

५. पेप ११ : सौजन्याचा नियम

संचयाचा हा प्रश्न उघडपणे हाती घेतला तो मार्टिन फॉन लोविस ह्यांनी. पायथनमधील बदलांचे प्रस्ताव क्रमांकवार प्रसिद्ध होतात व त्यांना पेप म्हणतात. २००२ च्या जुलै महिन्यात फॉन लोविस ह्यांनी मांडलेला पेप ११ हा अल्प वापराच्या प्रणालींचा आधार काढून घेण्याविषयी आहे. त्यातील विचारसरणी थोडक्यात अशी. कोणे एके काळी कोणा प्रणालीसाठी आवश्यक म्हणून काही कोड घातला गेला. आज ती प्रणाली हाताशी नसेल तर तो कोड अजून लागतो की नाही हे ठरविता येत नाही. तो नकळत मोडलेला असेल, किंवा प्रणालीच सुधारल्यामुळे निरुपयोगी झालेला असेल. असे तुकडे वाढत गेले म्हणजे एखादा नवा बदल सर्वत्र चालेल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

ह्या निदानापेक्षा त्यावरील उपाय अधिक महत्त्वाचा आहे. कोड एकदम पुसून टाकावा असे पेप ११ म्हणत नाही. प्रथम त्या प्रणालीचे नाव, कोणत्या आवृत्तीपासून तिचा आधार थांबेल आणि कोणत्या आवृत्तीत तिचा कोड प्रत्यक्ष काढला जाईल, ह्या तिन्ही गोष्टी जाहीर कराव्या लागतात. मधल्या आवृत्तीत कोड जागच्या जागी असतो. परंतु त्या प्रणालीवर पायथन बांधू पाहणाऱ्यास स्पष्ट सूचना देऊन बांधणी थांबविली जाते. सूचना वाचून जो पुढे येईल आणि देखभाल पत्करील त्याच्यासाठी दार उघडे असते. कोणीच आले नाही तर पुढील आवृत्तीत कोड जातो. आपल्याकडे जमिनीच्या नोंदीत फेरफार करण्यापूर्वी चावडीवर नोटीस लावून हरकती मागवितात, त्याच्याशी ह्या पद्धतीचे साम्य सहज लक्षात येईल. कोणाचा हक्क आहे हे ठाऊक नसताना तो बुडविण्यापूर्वी त्याला बोलण्याची संधी देणे, हे दोन्हींचे मर्म आहे.

ह्या नियमानुसार जी नावे गेली त्यांची यादी म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगणकसृष्टीचा एक स्मृतिपटच होय. नियम लिहिला जाण्यापूर्वीच डॉस व विंडोज ३ ह्यांचा आधार २.० आवृत्तीत थांबला होता. पुढे सन-ओएस ४, डायनिक्स, मिनिक्स व लिनक्सची पहिली पिढी ह्यांचा कोड २.४ मध्ये गेला. त्याच आवृत्तीत मॅक-ओएस ९ चाही गेला. विंडोज ९५ च्या कुळातील प्रणाली २.६ मध्ये गेल्या, बीओएस व अथेओएस ३.० मध्ये, तर ओएस-२, व्हीएमएस व विंडोज २००० हे ३.४ मध्ये. २००८ च्या डिसेंबरातील ३.० आवृत्तीच्या वेळी ब्रेट कॅनन ह्यांच्या पेप ३१०८ अन्वये आयरिक्सची सर्व मॉड्यूले आणि जुन्या मॅकिंटॉशची बहुतेक मॉड्यूले एकत्रच काढण्यात आली. मॅक-ओएस ९ चा आधार जाऊनही तिच्या मार्गनामांचे, अपूर्णविराम जाणणारे मॉड्यूल मात्र २०१९ मधील ३.८ पर्यंत राहिले होते. ते कोणास नडत नव्हते व कोणास लागतही नव्हते. अशा वस्तू घरात सर्वांत जास्त काळ टिकतात.

विंडोजच्या बाबतीत पुढे एक सोईस्कर दंडक ठरला : मायक्रोसॉफ्ट जोवर एखाद्या आवृत्तीस विस्तारित आधार देते तोवरच पायथनने तो द्यावा. २०१४ च्या एप्रिलात विंडोज एक्सपीचा आधार संपला आणि २०१५ मधील पायथन ३.५ त्यावर चालेनासे झाले. विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीत संपला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील ३.९ ने त्याला वगळले. ह्या दंडकाने वाद संपले, हे खरे. परंतु निर्णय स्वयंसेवकांच्या हातून एका कंपनीच्या वेळापत्रकाकडे गेला, हेही तितकेच खरे आहे. जुने यंत्र वापरणाऱ्या शाळेला किंवा लहान कचेरीला ह्यात विचारले गेले नाही. त्यांच्यासाठी पायथनच्या जुन्या आवृत्त्या उपलब्ध राहिल्या. त्यांतील सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र काही वर्षांनी थांबल्या.

६. एक नाम, अनेक अर्थ

प्रणालीविशिष्ट कोड काढणे हा देखभालीचा एक भाग झाला. जो ठेवावयाचा त्याचा अर्थ सर्वत्र एकच राहील हे पाहणे, हा दुसरा व अधिक सूक्ष्म भाग होय. त्याची तीन उदाहरणे पुरेशी होतील.

पहिले उदाहरण घड्याळाचे. टाइम मॉड्यूलमध्ये क्लॉक नावाचे एक कार्य होते. युनिक्सवर ते प्रोसेसरने खर्च केलेला वेळ सांगत असे. विंडोजवर मात्र प्रथम हाक मारल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे किती वेळ गेला हे सांगत असे. आज्ञावली स्वस्थ बसून राहिली तर एका प्रणालीवर आकडा जवळजवळ हलत नसे आणि दुसरीवर तो वाढत जाई. नाव एक असल्यामुळे हा भेद कोणाच्या चटकन ध्यानात येत नसे. २०१२ मध्ये पेप ४१८ ने ह्या कल्पना वेगळ्या केल्या, प्रत्येकीला निराळे नाव दिले आणि क्लॉक टाळावे असे सुचविले. प्रत्यक्षात ते कार्य ३.८ मध्ये गेले. सुधारणा सुचविल्यापासून जुने नाव जाईपर्यंत सात वर्षे लागली.

दुसरे उदाहरण नावाचेच आहे. आज्ञावली कोणत्या प्रणालीवर चालली आहे हे सांगणारे एक पद सिस मॉड्यूलमध्ये असते. लिनक्सवर त्याचे मूल्य ‘लिनक्स २’ असे असे, कारण पायथनची बांधणी होताना प्रणालीच्या नावापुढे तिचा मुख्य आवृत्तिक्रमांक जोडला जाई. कित्येक आज्ञावल्यांत ह्या मूल्याशी थेट तुलना केलेली होती. २०११ च्या जुलैत लिनक्सच्या गाभ्याचा क्रमांक ३.० झाला. आत मूलगामी बदल काहीच नव्हता, केवळ क्रमांक बदलला होता. तथापि नव्या गाभ्यावर बांधलेले पायथन ‘लिनक्स ३’ असे उत्तर देऊ लागले आणि त्या आज्ञावल्यांना आपण लिनक्सवर आहो हेच उमगेना. २०१२ मधील ३.३ आवृत्तीपासून हा क्रमांक गाळून केवळ ‘लिनक्स’ असे मूल्य ठेवले गेले. जुन्या २.७ मालिकेच्या पुढील दुरुस्त आवृत्त्यांत मात्र गाभा कोणताही असो, ‘लिनक्स २’ हेच मूल्य कायम करण्यात आले. सत्यापेक्षा सुसंगती महत्त्वाची मानण्याचा हा निर्णय होता आणि जुन्या आज्ञावल्यांच्या दृष्टीने तो योग्यच म्हणावा लागतो.

तिसरे उदाहरण मराठी वाचकास जवळचे वाटेल. युनिक्स कुळातील प्रणालींत फाइलीचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. ती कोणत्या लिपीची हे प्रणाली सांगत नाही. विंडोज एनटीच्या कुळात नाव युनिकोडात असते. परंतु जुन्या आज्ञावल्यांसाठी ते प्रादेशिक सांकेतिक सारणीत उतरवून देण्याची दुसरी वाटही तेथे होती. प्रणालीची अशी जुनी सारणी म्हणून देवनागरीसाठी काहीच तरतूद नव्हती. परिणामी देवनागरीत नाव दिलेली फाइल त्या वाटेने वाचू गेल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येत, आणि त्या प्रश्नचिन्हांवरून ती फाइल पुन्हा उघडता येत नसे. २००३ मधील २.३ आवृत्तीत पेप २७७ मुळे विंडोजवर युनिकोड नावांची वाट खुली झाली. युनिक्सवर ज्या बाइटांचा अर्थ लागत नाही ते जसेच्या तसे सांभाळून परत देण्याची युक्ती फॉन लोविस ह्यांच्या पेप ३८३ ने २००९ मध्ये आणली. पुढे स्टीव्ह डॉवर ह्यांच्या पेप ५२९ ने ३.६ आवृत्तीपासून विंडोजवरही बाइटरूप नावांसाठी यूटीएफ-८ हे संकेतन ठरविले. देवनागरीतील नाव ह्या दोन्ही कुळांत सुखरूप राहावे ही साधी अपेक्षा पुरी होण्यास तेरा वर्षांत तीन निरनिराळे प्रस्ताव लागले.

७. २०१६ चा यदृच्छा-अंकांचा वाद

प्रणालीच्या एका नव्या सोयीचा स्वीकार किती महाग पडू शकतो हे २०१६ मधील एका प्रकरणावरून दिसते. गुप्तलेखनासाठी लागणारे यदृच्छा अंक पायथनमध्ये ओएस मॉड्यूलच्या युरँडम ह्या कार्याकडून मिळतात. लिनक्सने २०१४ मधील ३.१७ ह्या गाभ्यात त्यासाठी एक नवी हाक उपलब्ध केली. आणि सप्टेंबर २०१५ मधील पायथन ३.५ ने ती लगेच वापरावयास घेतली. जुन्या पद्धतीत यंत्र नुकतेच सुरू झाले असता, पुरेशी यदृच्छता जमली नसतानाही, अंक मिळत. नवी हाक ती जमेपर्यंत थांबून राही. सुरक्षेच्या दृष्टीने हे थांबणे रास्तच होते.

परंतु पायथन स्वतः सुरू होतानाही अशा काही अंकांची मागणी करीत असे, कारण ३.३ पासून शब्दकोशांच्या अंतर्गत रचनेसाठी प्रत्येक वेळी निराळे बीज घेण्याची प्रथा होती. कृत्रिम यंत्रांवर, प्रणाली जागी होत असतानाच एखादी पायथन आज्ञावली चालविली गेली की ती अंकांसाठी थांबे; यंत्र तिच्यासाठी थांबे; आणि यंत्र थांबल्यामुळे यदृच्छता जमण्यासाठी लागणारी हालचालही होईना. २०१६ च्या वसंतात हा दोष नोंदविला गेला आणि त्यावर अत्यंत तीव्र वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की, कच्चे अंक देणे हा सुरक्षेचा भंग आहे, थांबणे परवडले. दुसरा पक्ष म्हणे की, जे कार्य वर्षानुवर्षे कधीच थांबत नव्हते ते लहान दुरुस्तीच्या नावाखाली थांबू लागणे हा वचनभंग आहे.

जून २०१६ मधील ३.५.२ मध्ये जुने, न थांबणारे वर्तन परत आणले गेले. त्यानंतर व्हिक्टर स्टिनर ह्यांच्या पेप ५२४ नुसार ३.६ मध्ये ह्या दोन गरजांची फारकत झाली. गुप्तलेखनासाठी मागितलेले अंक लिनक्सवर योग्य वेळेपर्यंत थांबूनच मिळतील; शब्दकोशाच्या बीजासाठी मात्र पायथन कधीही थांबणार नाही. ह्या प्रकरणाचे तात्पर्य असे की, प्रमाण संग्रहातील एका नावामागे उपयोग करणाऱ्यांचे एकाहून अधिक हेतू दडलेले असतात आणि कार्यप्रणालीत बदल होईपर्यंत ते कोणाला दिसत नाहीत.

८. श्रेणींची व्यवस्था

पेप ११ चा प्रारंभ वजाबाकीपासून झाला होता. कोणती प्रणाली जाईल एवढेच तो सांगत असे. जी राहिली आहे तिची हमी कोणी व किती प्रमाणात घेतली आहे हे त्यावरून कळत नव्हते. २०२२ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन प्रणालींच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. पहिल्या श्रेणीतील प्रणालीवर कोड मोडत असेल तर तो बदल मुख्य शाखेत घेतलाच जात नाही, आणि तिची जबाबदारी सर्व मूळ विकासकांवर असते. दुसऱ्या श्रेणीसाठी किमान दोन मूळ विकासकांनी नाव द्यावे लागते. मोडतोड झाल्यास चोवीस तासांत ती दुरुस्त व्हावी अथवा बदल मागे घेतला जावा. तिसऱ्या श्रेणीस एका विकासकाचे नाव पुरते. तेथील बिघाडामुळे आवृत्तीचे प्रकाशन अडत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीसाठी त्या प्रणालीवर अखंड परीक्षण करणारे, बिल्डबॉट म्हणून ओळखले जाणारे, भरवशाचे यंत्रही कोणीतरी चालू ठेवावे लागते.

ह्या व्यवस्थेतील अर्थपूर्ण गोष्ट अशी की, श्रेणी ठरताना प्रणालीची लोकप्रियता हा एकमेव निकष राहिला नाही; नाव देणारी माणसे आणि चालू यंत्र ह्या दोन मूर्त गोष्टी मागितल्या गेल्या. तिचा प्रत्यय लवकरच आला. ब्राउझरमध्ये पायथन चालविणारी एम्स्क्रिप्टन ही प्रणाली ३.११ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आली, ३.१३ मध्ये सांभाळणाऱ्याच्या अभावी वगळली गेली आणि पेप ७७६ अन्वये २०२५ मधील ३.१४ मध्ये परतली. पेप ७३० व पेप ७३८ ह्यांच्या द्वारे २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत आयओएस व अँड्रॉइड ह्या भ्रमणध्वनींच्या प्रणालींना तिसरी श्रेणी मिळाली. त्याच आवृत्तीत, ख्रिस्तिआन हाइमेस ह्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या पेप ५९४ प्रमाणे, एकोणीस जुनी मॉड्यूले काढली गेली. त्यांत युनिक्सपुरती असलेली परवलीच्या शब्दांची व जुन्या ध्वनियंत्रणेची मॉड्यूले होती आणि विंडोजपुरते असलेले स्थापना-संच बनविण्याचेही होते. एका बाजूने भर, दुसऱ्या बाजूने घट, असा हा व्यवहार चालू असतो.

ह्या प्रश्नाला इतर भाषांनी निराळी उत्तरे दिली आहेत. गूगलच्या गो भाषेने २०१४ मधील १.४ आवृत्तीपासून आपले सिस्कॉल हे प्रणालीविशिष्ट पॅकेज गोठविले आणि नवी भर प्रमाण संग्रहाबाहेरील स्वतंत्र पॅकेजांत घालण्याचे ठरविले. प्रमाण संग्रहाच्या स्थैर्याचे वचन आणि कार्यप्रणालींचा अस्थिर स्वभाव ह्यांचे जमत नाही, हे ओळखून केलेली ही विभागणी होती. पायथनने विभागणीपेक्षा उत्तरदायित्व वाटून देण्याचा मार्ग पत्करला. त्यात घर्षण अधिक आहे. परंतु नवशिक्यास सर्व साधने एकाच ठिकाणी मिळतात हा त्याचा लाभही आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रणालीभेद झाकणारा कोड हा एकदा करून संपणारा खर्च नाही. तो भोगवट्याच्या जागेवरील पट्टीसारखा दरसाल भरावा लागतो. दुसरा असा की, त्या कोडाचे आयुष्य प्रणालीच्या आयुष्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते सांभाळणाऱ्या माणसावर अवलंबून असते. वापरात असलेल्या प्रणालीचा कोडही वाली नसल्यास कुजतो, आणि एखाद्या निष्ठावंत माणसामुळे अल्पसंख्य प्रणालीचा आधारही वर्षानुवर्षे टिकतो. तिसरा असा की, काढून टाकण्याचा अधिकार हा देखभालीचाच भाग असला तरी त्याला पूर्वसूचनेची जोड असल्याशिवाय तो न्याय्य ठरत नाही. पेप ११ ह्या लहानशा दस्तऐवजाचे महत्त्व ह्या तिसऱ्या गोष्टीत आहे.

एक प्रश्न मात्र उरतोच. नोटीस वाचण्यासाठी नोटीस लागते ती चावडी ठाऊक असावी लागते. जुन्या यंत्रावर पायथन चालविणारा सामान्य उपयोजक विकासकांच्या चर्चा वाचीत नाही. त्याला बदल कळतो तो आज्ञावली थांबल्यावर. कोणाचीच हरकत आली नाही ह्याचा अर्थ कोणाचीच हानी झाली नाही असा होत नाही. ह्या अनुपस्थित माणसाची आठवण ठेवून निर्णय घेणे हे कोणत्याही नियमात बसविता आलेले नाही. पायथनच्या तीन दशकांच्या इतिहासात जेथे जेथे निर्णय चांगले झाले, तेथे ती आठवण ठेवणारे कोणीतरी उपस्थित होते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.